घराआधीची जमीन

दहा एकर शेतावर दोन इंच पाऊस पडला, तर तेवढ्या एका शेतात सुमारे वीस लाख लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर भरतील एवढे. शेत असते तोवर या पाण्याचे काय होते, याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. काही नांगरटीत मुरते, काही बांध अडवून धरतो, उरलेले चारीने जाऊन ओढ्याला मिळते. पुढे त्याच दहा एकरांत प्लॉट पडतात, घरे उठतात, अंगणात फरशी आणि दारात डांबर येते. पाऊस पूर्वीइतकाच असतो. मुरायची जागा मात्र गेलेली असते. मग जे पाणी दोन दिवसांत निवांत ओढ्याला जायचे, ते अर्ध्या तासात रस्त्यावर येते आणि सगळ्यात सखल प्लॉट ज्याचा, त्याच्या घरात शिरते.

नवी वसाहत वसवण्याचे काम खरे तर इथून सुरू होते. जमिनीचा उतार कुठे, पाणी कुठून येते, कुठे जाते, हे आधी पाहायचे. प्लॉट किती पडतील याचा हिशेब त्यानंतर. प्रत्यक्षात गावोगावच्या माळांवर दिसते ते उलट. एका रविवारी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या जातात, कोपऱ्यांवर रंगीत झेंड्या लागतात, कमान उभी राहते आणि बुकिंग चालू होते. घेणाऱ्याला रेघा दिसतात. रेघांच्या खाली काय असायला हवे होते, हे त्याला पहिल्या पावसाळ्यात कळते, आणि तोवर आयुष्याची पुंजी त्या जमिनीत गेलेली असते.

महाराष्ट्रात आज शहरांच्या कडेकडेने जी नवी वस्ती होते आहे, तिचा मोठा भाग अशा प्लॉटांवर उभा राहतो. म्हणून एका शेताची वसाहत होताना काय काय घडायला हवे, आणि कोणत्या क्रमाने, हे सामान्य माणसाला ठाऊक असणे आता गरजेचे झाले आहे.

पहिली पायरी कागदाची. सातबारावर गट नंबर, क्षेत्र आणि खातेदारांची नावे असतात. ‘इतर हक्क’ हा रकाना मात्र घाईत वाचायचा राहून जातो, आणि बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, शेजाऱ्याचा विहिरीतला वाटा, वहिवाटीची वाट असे सगळे तिथेच लिहिलेले असते. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर सरकारच्या परवानगीशिवाय ती विकताच येत नाही. पुढचा प्रश्न पट्ट्याचा. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत ती जमीन पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे रहिवासी विभागात आहे, की हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेतीसाठी राखलेली? हिरव्या पट्ट्यातल्या शेताला नुसत्या जाहिरातीने घरांची जमीन करता येत नाही.

मग एन.ए., म्हणजे अकृषिक वापर. यासाठीचा कायदा म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम. त्याच्या कलम ४२ प्रमाणे शेतीची जमीन परवानगीवाचून दुसऱ्या कामासाठी वापरता येत नसे. २०१४ आणि २०१७ च्या दुरुस्त्यांनी यात बरीच सूट दिली. जिथे विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना मंजूर आहे, किंवा जी जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे, तिथे आराखड्यातल्या वापरासाठी कर भरून वापर बदलता येतो. वेगळ्या परवानगीचा जुना फेरा उरलेला नाही. लोकांच्या मनात मात्र ‘एन.ए. झाले’ म्हणजे सगळे झाले, असा पक्का समज आहे. एन.ए. हा फक्त जमिनीच्या वापराचा प्रश्न आहे. त्या जमिनीवर रस्ता किती रुंद, गटार कुठे, मोकळी जागा किती, हे ठरते ते ले-आउटच्या मंजुरीत. त्या दोन गोष्टींची गल्लत झाली की फसवणुकीला वाट मिळते.

ले-आउट मंजूर होतो दोन टप्प्यांत. आधी तात्पुरती मंजुरी मिळते. त्यानंतर भूमी अभिलेख खात्याची मोजणी होते, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, मोजणीदार येऊन हद्दी कायम करतो आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळते. कागदावरचे रस्ते आणि प्लॉट प्रत्यक्ष जमिनीवर आखून पाहिले की पुष्कळदा फरक निघतो. बांध सरकलेला असतो, शेजाऱ्याचे दोन गुंठे आत आलेले असतात, पाणंद नकाशात असते आणि जागेवर नांगरलेली असते. हा सगळा मेळ बसल्यानंतर आणि रस्ते, गटारे वगैरे कामे झाल्यानंतर अंतिम मंजुरी यायची, आणि मगच प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघायचा, असा रीतसर क्रम आहे.

आता दहा एकरांचा हिशेब मांडून पाहू. दहा एकर म्हणजे ४०० गुंठे, किंवा सुमारे ४०,४७० चौरस मीटर. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही नियोजन प्राधिकरणांचे क्षेत्र सोडून राज्यभर लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे एवढ्या जमिनीत १० टक्के जागा खेळण्या-बागडण्यासाठी मोकळी सोडावी लागते. अंतर्गत रस्ता साधारण नऊ मीटरचा, आणि लांबी वाढेल तशी रुंदी वाढवायची. सार्वजनिक सुविधांसाठी आणखी जागा जाते, आराखड्यातला रस्ता शेतातून जात असेल तर तीही. सगळे वजा जाता विकायला साठ टक्क्यांच्या आसपास जमीन उरते असे धरू. म्हणजे ४०० पैकी २४० गुंठे. दीड गुंठ्याचा एक प्लॉट धरला तर १६० प्लॉट, एका घरी पाच माणसे धरली तर आठशे माणसांची वस्ती.

याच शेताचे कुणी मंजुरीशिवाय, गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडले, मध्ये दहा-बारा फुटांचे बोळ सोडले, तर ४०० पैकी साडेतीनशे गुंठे सहज विकले जातात. बिगरमंजुरीचा गुंठा स्वस्त का मिळतो, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या फरकात आहे. जो रस्ता सोडला नाही, जे गटार बांधले नाही, जे मैदान ठेवले नाही, त्याचीच किंमत त्यातून वजा झालेली असते. घेणाऱ्याला वाटते की पैसे वाचले. खरे तर तो खर्च पुढे ढकललेला असतो, आणि पुढे तो कितीतरी पटींनी करावा लागतो.

जमिनीवरचे पहिले काम पातळ्या घेण्याचे. सर्वेक्षक यंत्र लावून ठराविक अंतरावर जमिनीची उंची मोजतो आणि समान उंचीच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषांचा नकाशा काढतो. जमिनीचा स्वभाव या नकाशात दिसतो. रस्ते उताराला धरून ठेवले तर पाणी आपोआप वाहते. उताराला आडवा रस्ता भराव घालून उंच केला, की तो बांधासारखा वागतो आणि त्याच्या वरच्या अंगाचे सगळे प्लॉट पावसाळ्यात तुंबतात. शेतातून जाणारा ओढा असेल तर तो आहे तिथेच आणि आहे तेवढाच ठेवायचा. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओढा प्लॉट पाडणाऱ्याला वाया गेलेली जागा वाटतो. तो पाइपात घालून वरून बुजवायचा मोह फार मोठा असतो. नदीकाठी तर पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा पाहावीच लागते. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

ओढ्याशी खेळ केला की काय होते, हे पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिले. कात्रजच्या बाजूने येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. हा ओढा पेशवाईत एकदा वळवला गेला होता आणि गेल्या काही दशकांत त्याच्या दोन्ही काठांवर बांधकामे दाटत गेली होती. एका रात्रीत जोरदार पाऊस झाला आणि पाण्याला जायला जागा उरली नाही. ज्यांची घरे गेली त्यांतल्या फार थोड्यांनी ती जागा निवडताना ओढ्याची रुंदी किती होती हे पाहिले असेल, आणि ती पाहण्याची जबाबदारी त्यांची नव्हतीच. ती ले-आउट मंजूर करणाऱ्यांची होती, आखणाऱ्यांची होती.

पावसाच्या पाण्यानंतर सांडपाणी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मलवाहिनी असलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरलेले आहे. आठशे माणसांच्या आपल्या वस्तीला त्या हिशेबाने रोज सुमारे एक लाख आठ हजार लिटर पाणी लागेल, आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे ८६ हजार लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडेल. रोज. हे पाणी कुठे जाणार, या प्रश्नाला ज्या ले-आउटच्या माहितीपत्रकात उत्तर नाही, तिथे बाकी काहीही असले तरी गोष्ट अपुरी आहे.

मलवाहिनी उताराने चालते, पंपाने नाही. पाइपातले पाणी सेकंदाला निदान दोन फुटांच्या वेगाने वाहिले पाहिजे, नाहीतर घाण तळाशी बसते आणि पाइप तुंबतो. त्यासाठी पाइपाला सतत उतार द्यावा लागतो. वरच्या टोकाला तीन फूट खोल असलेला पाइप खालच्या टोकाला सात-आठ फुटांवर जातो. दर ३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर चेंबर लागते. एवढे खोल खणायचे असते म्हणून हे काम सगळ्यात आधी करायचे. त्यानंतर पावसाळी गटार, मग पाण्याचा पाइप, मग विजेच्या केबली, आणि शेवटी रस्ता. पिण्याच्या पाण्याची वाहिनी मलवाहिनीपासून लांब आणि तिच्यापेक्षा वरच्या पातळीवर ठेवतात. खालचा पाइप पाझरला तरी घाण वरच्यात जाऊ नये म्हणून. रस्ता ओलांडून जाणारे रिकामे पाइपही डांबराच्या आधीच पुरून ठेवायचे असतात. ते ठेवले नसतील तर नवा रस्ता झाल्यावर सहा महिन्यांत तो पहिल्यांदा फोडला जातो.

गावाबाहेर पालिकेची मलवाहिनी नसते. तिथे प्रत्येक घराचा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा हा सर्रास उपाय. मुरमाड जमिनीत तो काही वर्षे चालतो. काळ्या चिकट मातीत किंवा वीतभर मातीखाली पाषाण असलेल्या जागी शोषखड्ड्यातून पाणी मुरतच नाही. पावसाळ्यात तो उलटा भरतो. शेजारच्या प्लॉटात बोअर असेल तर पुढचे सांगायला नको. शंभरावर घरांच्या वसाहतीत सगळ्यांचे मिळून एक लहान शुद्धीकरण केंद्र बसवले तर शुद्ध झालेले पाणी झाडांना वापरता येते. पण त्यासाठी जागा आधी राखावी लागते, आणि ती वसाहतीच्या सखल टोकालाच असावी लागते. सखल टोकाचे प्लॉट विकून टाकल्यावर हे केंद्र बसवायला जागा उरत नाही.

आता रस्ता. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी माती आहे. कापसाला उत्तम, रस्त्याला वाईट. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट खडी पसरून डांबर ओतले, तर पहिल्या पावसाळ्यात रस्ता खचतो, दुसऱ्यात त्याचे तुकडे पडतात. म्हणून काळी माती खोदून काढायची, तिच्या जागी मुरूम भरायचा. मुरूम एकदम ढीग घालून पसरायचा नाही; वीतभर जाडीचा थर टाकायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. मुरूम कोरडा राहिला तर दबत नाही, चिखल झाला तरी दबत नाही. हाताच्या मुठीत दाबला की लाडू वळला जाईल आणि हाताला पाणी लागणार नाही, एवढी ओल बरोबर, असे जुने मुकादम सांगतात. प्रयोगशाळेतल्या चाचणीने हीच ओल अचूक काढता येते. त्यावर दगडांचे सोलिंग, त्यावर खडीकरण, शेवटी डांबर. मध्ये थोडा उंचवटा ठेवायचा म्हणजे पाणी दोन्ही कडांच्या गटारांत उतरते. पाणी साचलेला डांबरी रस्ता टिकत नाही, मग कंत्राटदार कितीही प्रामाणिक असो.

या सगळ्यातले डांबर तेवढे ग्राहकाला दिसते. साइट दाखवायला नेण्याच्या आदल्या आठवड्यात नुसत्या मुरमावर पातळ डांबराचा हात मारला तरी तो फोटोत छान काळाभोर दिसतो. कडेला एक हातभर खणून पाहिले तर खाली सोलिंग आहे की थेट माती, ते लगेच कळते. घेणाऱ्याने एवढे खणायला लावावेच.

क्रम पाळला तर काय मिळते याचे महाराष्ट्रातले जुने आणि ठसठशीत उदाहरण मुंबईत दादर-माटुंग्याला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या, अंधाऱ्या, गटारे नसलेल्या वस्त्यांमध्ये त्याने थैमान घातले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, सायन या भागांत शेती, बागा आणि पाणथळीची जमीन ताब्यात घेतली, सखल भाग भरून घेतले, रस्ते आखले, गटारे घातली आणि मग प्लॉट भाडेपट्ट्याने दिले. कित्येक प्लॉट वर्षानुवर्षे रिकामे राहिले. शहराबाहेर इतक्या लांब राहायला कोण जाणार, असा लोकांचा प्रश्न होता. ट्रस्टमधले अभियंते मंचेरजी जोशी यांनी पारशी समाजातल्या मध्यमवर्गीयांसाठी १०३ प्लॉट मिळवले आणि दादर पारशी कॉलनी उभी राहिली. हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स याच आखणीतले. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. त्या वेळी आखलेले रस्ते आणि सोडलेल्या बागा अजून आहेत, आणि मुंबईत मोकळा श्वास घेता येण्याजोग्या ज्या थोड्या वस्त्या उरल्या आहेत त्यांत आज त्यांची गणना होते. जमीन कुणाची गेली आणि तिला काय मोल मिळाले, हा त्या काळचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पण गटार आधी आणि घर नंतर, ही गोष्ट ट्रस्टने सोडली नाही.

खाडीच्या पलीकडे, नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोपुढे पाण्याचा प्रश्न याहून अवघड होता. नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती. सगळी जमीन भराव घालून उंच करायची तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागले असते. त्याऐवजी खाडीच्या कडेने बांध घालून ठिकठिकाणी धारण तलाव ठेवण्यात आले. भरतीच्या वेळी झडपा मिटतात आणि समुद्राचे पाणी आत येत नाही. त्या काही तासांत पडणारा पाऊस तलावांत साठतो. ओहोटी लागली की झडपा उघडून तो खाडीत जातो. वाशी-नेरूळच्या रहिवाशाला हे तलाव म्हणजे कचरा आणि खारफुटीने भरलेली डबकी वाटू शकतात. पण ते बुजवून तिथे इमारत उभी करायची म्हटली, तर एखाद्या मोठ्या पावसात भरतीची वेळ गाठून पाणी कुठे जाईल, हे आधी ठरवावे लागेल. या तलावांतला गाळ वेळेवर निघत नाही ही तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पिण्याच्या पाण्यासाठी नवी मुंबई महापालिकेने खालापूर तालुक्यातले मोरबे धरण स्वतःकडे घेतले. नळाचे पाणी घरापासून किती मागे जाऊन सुरू होते, ते यावरून ध्यानात यावे.

क्रम उलटला की काय होते, त्यासाठी लांब जायला नको. राज्यात शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने मनाई आहे. तरीही शहरांच्या कडेला गुंठ्यागुंठ्याने विक्री होत राहिली, कधी साठेखतावर, कधी शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर, कधी दहा जणांची नावे एका सातबारावर चढवून. गिरणीतला कामगार, रिक्षावाला, शाळेतला शिपाई, बांधकामावरची बाई: मंजूर प्लॉट परवडत नव्हता म्हणून त्यांनी गुंठा घेतला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शहरांनी त्यांच्यासाठी परवडणारी मंजूर जमीन वेळेवर तयार केली नाही, ही यातली मूळ गोष्ट. शेवटी सरकारला २००१ मध्ये गुंठेवारी विकासाचा कायदा करावा लागला. १ जानेवारी २००१ पूर्वीची गुंठेवारी त्यात नियमित करता येत होती. २०२१ मध्ये ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. २०२५ मध्ये तुकडेबंदीत अडकलेल्या जुन्या लहान तुकड्यांनाही दिलासा द्यायचा निर्णय सरकारने जाहीर केला.

नागपुरात या गोष्टीची स्वतःची भाषा झाली आहे. तिथे ‘५७२ ले-आउट’ आणि ‘१९०० ले-आउट’ म्हटले की कुणालाही समजते: नागपूर सुधार प्रन्यासाने नियमित करायला घेतलेल्या बिगरमंजुरीच्या ले-आउटांच्या त्या याद्या. प्लॉट विकायला काढला की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, आरएल आहे का? म्हणजे नियमित केल्याचे पत्र. ज्याच्याकडे आरएल नाही, त्याला बँक कर्ज देताना का-कू करते आणि मुलीच्या लग्नासाठी प्लॉट विकायचा तर भाव पडतो. छत्रपती संभाजीनगरातही गुंठेवारी वसाहतींचा प्रश्न महापालिकेच्या प्रत्येक निवडणुकीत उभा राहतो.

कागद नियमित होतो, जमीन होत नाही. विकास शुल्क भरले, पत्र आले, तरी दहा फुटांच्या बोळात आता मलवाहिनी घालायची कशी? जेसीबी आत शिरत नाही. हाताने सात फूट चर खणला तर दोन्ही बाजूंच्या घरांचे पाये उघडे पडतात. अग्निशमनाची गाडी वळत नाही, रुग्णवाहिका कोपऱ्यावर थांबते. मैदान सोडलेलेच नसते, ते विकत घ्यायला आता जागाच नसते. आणि एक गोष्ट हळूहळू घडते. रस्ता खराब झाला की जुन्यावर नवा थर चढतो, पुढच्या निवडणुकीआधी त्यावर आणखी एक, मग सिमेंटचा. पंधरा वर्षांत रस्ता फूट-दीड फूट वर येतो. बांधताना रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच असलेले जोते रस्त्याच्या बरोबरीला येते, मग खाली जाते. मालक उंबऱ्याला विटांचा अडसर घालतो, पुढे घराची फरशी उंच करतो, तेव्हा दरवाजे कापावे लागतात आणि पंखा डोक्याशी येतो. शेवटी घर पाडून पुन्हा बांधणे एवढाच मार्ग राहतो. सुरुवातीला रस्त्याची पातळी ठरवून दिली असती तर यातले काहीही लागले नसते.

मग प्रश्न येतो की सलग, नीट आखलेली जमीन आणायची कुठून. शेते लहान, मालक अनेक, हद्दी वाकड्यातिकड्या. एकेका शेताचा ले-आउट वेगळा केला तर एकाचा रस्ता दुसऱ्याच्या भिंतीला अडतो आणि गटाराला तोंडच मिळत नाही. पहिला मार्ग भूसंपादनाचा, पण सरकारने जमीन संपादित केली तर शेतकरी उठून जातो. नवी मुंबईत या प्रश्नावर लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण पुढे आले.

दुसरा मार्ग नगररचना परियोजनेचा. हा मार्ग नवा नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने तो इथे आणला. आजच्या पुण्यातले शिवाजीनगर, म्हणजे तेव्हाचे भांबुर्डे, अशाच परियोजनेतून आखले गेले. यात जमीन मालकाकडेच राहते. सगळ्या शेतांचे मूळ भूखंड कागदावर एकत्र करायचे, त्यातून रस्ते, बागा, शाळा, घरांसाठीची जागा काढायची, आणि उरलेल्या जमिनीतून प्रत्येकाला त्याच्या वाट्याप्रमाणे चौकोनी, रस्त्याला लागून असलेला अंतिम भूखंड परत द्यायचा. जागा कमी होते, पण तिची किंमत वाढते. वाद लवाद सोडवतो. गुजरातने हा मार्ग चिकाटीने चालवला. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड उभा करताना या परियोजनांचा मोठा उपयोग झाला. महाराष्ट्राने मध्यंतरी तो जवळजवळ सोडून दिला होता. अलीकडे पुण्याजवळ माण-म्हाळुंगे येथे आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात तो पुन्हा हाती घेतला गेला आहे. नैनात मालकाला मूळ जमिनीच्या ४० टक्के विकसित भूखंड परत मिळतो. साठ टक्के जमीन द्यायला शेतकरी का-कू करतो, यात आश्चर्य नाही. आजोबांनी राखलेली जमीन कागदावर निम्म्याहून कमी झालेली पाहणे सोपे नसते. रस्ता आणि पाणी खरोखर आणि वेळेत आले, तरच त्याचा विश्वास बसेल.

तिसरा मार्ग पुण्याजवळ हडपसरच्या शेतकऱ्यांनी स्वतः काढला. ऊस पिकवणाऱ्या सुमारे १२० कुटुंबांनी आपली सुमारे ४३० एकर सलग जमीन एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी स्थापली आणि जमिनीच्या प्रमाणात त्यात भाग घेतले. २००० च्या सुमारास मगरपट्टा सिटीचे काम सुरू झाले. सगळी जमीन एका आखणीत असल्यामुळे रस्ते, पाणी, मलवाहिन्या, बागा एकाच नकाशावर ठरल्या. अनेक शेतकऱ्यांची मुले त्याच वसाहतीची कामे घेणारे कंत्राटदार झाली. सगळीकडे हे जमेल असे नाही. भावकी एकत्र हवी, जमीन शहराला लागून हवी, आणि पंधरा-वीस वर्षे धीर धरायची ताकद हवी. तरी जमीन विकून आलेला पैसा चार वर्षांत संपवलेल्या गावांच्या शेजारी हे उदाहरण उभे आहे, म्हणून त्याचे मोल.

सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती आता रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांचे नियमन करणारा, कायदा आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असलेल्या प्रकल्पाची महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, आणि हे नुसत्या प्लॉटच्या योजनांनाही लागू आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतली ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करावी लागते. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो. तो मोबाइलवर उघडला की मंजूर नकाशा, कामांची यादी, पूर्ण होण्याची तारीख दिसते. त्या यादीत ‘अंतर्गत रस्ते’ आणि ‘मलवाहिनी’ यांपुढे काय लिहिले आहे, ते प्लॉटच्या दरापेक्षा आधी वाचावे.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती शेवटची पायरी, हस्तांतरणाची. प्लॉट विकले जातात, विकासक पुढच्या गावाला जातो. रस्ते आणि मोकळी जागा यांचा सातबारा मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहतो. दहा वर्षांनी रस्ता उखडला की ग्रामपंचायत म्हणते, रस्ता आमच्या ताब्यात दिलेला नाही. दिव्याचे बिल कोण भरणार यावरून सभा होतात. मोकळ्या जागेचे भाव वाढलेले पाहून मूळ मालकाचे वारस तिथे कुंपण घालतात, आणि रहिवाशांना दिवाणी न्यायालयात जावे लागते. म्हणून प्लॉटधारकांची संस्था किंवा संघ पहिल्या दोन वर्षांतच झाला पाहिजे, रस्ते स्थानिक संस्थेच्या नावे आणि मोकळी जागा ठरल्याप्रमाणे रहिवाशांच्या ताब्यात गेली पाहिजे, उताऱ्यावर तशी नोंद झाली पाहिजे. त्या कागदांना आणखी एक कागद जोडून घ्यावा लागतो, जो फार थोड्या वसाहतींकडे असतो: जमिनीखाली प्रत्यक्ष घातलेल्या पाइपांचा नकाशा, प्रत्येक व्हॉल्व्ह आणि चेंबर कुठे आहे, पाइप किती खोल आहे, हे दाखवणारा. तो नसेल तर पहिली गळती होते तेव्हा जेसीबी अंदाजाने खणत जातो, पाण्याचा पाइप शोधताना विजेची केबल तुटते, आणि दीडशे घरे दोन दिवस पाणी आणि वीज या दोन्हींवाचून राहतात.